रेषा, लंबवर्तुळ आणि ठोकळा : चित्रकलेच्या प्राथमिक सरावाची पार्श्वभूमी

चित्रकला शिकू लागणाऱ्याला आज बहुधा आधी पानभर सरळ रेषा, मग लंबवर्तुळे आणि त्यानंतर निरनिराळ्या कोनांतून दिसणारे ठोकळे काढायला सांगितले जाते. हे तिन्ही सराव आता हातात हात घालून येत असले, तरी त्यांचा उगम एका काळातला नाही आणि एका हेतूतलाही नाही. रेषेचा सराव हाताच्या कसबातून आला, ठोकळ्याचा भूमितीतून, आणि लंबवर्तुळ या दोहोंच्या मध्ये बराच काळ घोटाळत राहिले.

इसवी सन ७९ मध्ये मरण पावलेल्या थोरल्या प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवले आहे की, ग्रीक चित्रकार अपेलीझ कितीही कामात असला तरी रेषा ओढल्यावाचून एकही दिवस जाऊ देत नसे. ऱ्होड्स बेटावर प्रोटोजेनीझ या चित्रकाराच्या घरी, त्याच्या गैरहजेरीत, अपेलीझने एका फळीवर अतिशय बारीक रेषा काढली. परतलेल्या यजमानाने तिच्यावर वेगळ्या रंगात आणखी बारीक रेषा ओढली, आणि अपेलीझने तिसऱ्या रंगाची रेषा काढून पैज जिंकली, अशीही कथा तो सांगतो. इटालियन चित्रकार जोत्तोने पोपच्या दूतापुढे कंपासाशिवाय अचूक वर्तुळ काढल्याची कथा चित्रकारांची चरित्रे लिहिणाऱ्या वाझारीने १५५० मध्ये प्रसिद्ध केली, म्हणजे जोत्तोच्या मृत्यूनंतर दोन शतके उलटल्यावर. दोन्ही कथा ऐकीव असल्याने त्यांच्या खरेपणावर फार विसंबता येत नाही. तथापि, चित्रकाराची योग्यता त्याच्या विषयावरून न ठरवता हाताच्या एकाच फटकाऱ्यावरून ठरवावी, हा विचार किती जुना आहे, ते त्यांतून नक्कीच दिसते.

कार्यशाळांमधील शिक्षणात या विचाराला शिस्त मिळाली. इटालियन चित्रकार चेन्निनो चेन्निनी याने सुमारे १४०० मध्ये लिहिलेल्या मार्गदर्शिकेत शिकाऊ मुलाने हाडाची पूड लावलेल्या छोट्या लाकडी पाटीवर रुप्याच्या लेखणीने सोप्या गोष्टींपासून आरंभ करावा, असे सांगितले आहे. १४३५ च्या सुमारास इटलीतील लेखक आणि वास्तुकार आल्बेर्तीने अक्षरे, मग जोडणी, मग शब्द या क्रमाने लिहायला शिकवतात तसेच चित्रकलेतही व्हावे, असे सुचवले.

ठोकळा मात्र यथार्थदर्शनाखेरीज, म्हणजे सपाट कागदावर खोली आणि अंतर दाखवण्याच्या पद्धतीखेरीज, शक्यच नव्हता. इटलीतील फ्लोरेन्समध्ये वास्तुकार ब्रुनेलेस्कीने पंधराव्या शतकाच्या आरंभी केलेले प्रयोग आणि आल्बेर्तीने दिलेली फरशीची रचना यांमुळे समांतर कडा एका बिंदूकडे कशा धावतात, हे नियमाने मांडता येऊ लागले. पुढे जर्मन चित्रकार ड्यूररने, त्याच्या मृत्यूनंतर १५२८ मध्ये छापल्या गेलेल्या मानवी प्रमाणांवरील ग्रंथात, शरीराचे भाग ठोकळ्यांत बसवून दाखवले. इटालियन चित्रकार लूका कांबियासोच्या रेखाटनांत तर अख्खी माणसे ठोकळ्यांची होऊन गेली. किचकट आकार आधी सहा पृष्ठांच्या पेटीत कोंडावा आणि मग वळवावा, ही युक्ती आजही तीच आहे.

लंबवर्तुळाचा इतिहास मला सर्वांत बोधक वाटतो. रथाची चाके कधी गोल तर कधी दबलेली दिसतात, हे ग्रीक गणिती युक्लिडने नोंदवले होते, आणि शंकू कापल्यावर मिळणाऱ्या छेदांचा (लंबवर्तुळ हा त्यांपैकीच एक) सखोल अभ्यास अपोलोनियस या दुसऱ्या ग्रीक गणितीने केला होता. तरीही १५२५ मध्ये ड्यूररसारख्या भूमितीच्या जाणकाराने शंकूचा तिरपा छेद अंड्यासारखा, खाली रुंद आणि वर निमुळता, काढला. शंकू खाली रुंद होत जातो, म्हणून छेदही तसाच असणार, असा त्याचा समज झालेला दिसतो. प्रत्यक्षात छेद दोन्ही बाजूंनी सारखाच असतो. तिरक्या वर्तुळाचा जवळचा अर्धा भाग मोठा दिसतो, पण बाह्यरेषा सममितच राहते. फक्त वर्तुळाचा मध्य आणि लंबवर्तुळाचा मध्य एका जागी येत नाहीत. नवशिके आजही नेमके येथेच चुकतात.

हे सारे शाळेत आले एकोणिसाव्या शतकात. स्विस शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोझीने १८०३ मध्ये रेषा, कोन आणि चौरस यांच्या मोजमापावर निरीक्षणाचे शिक्षण उभारले. पुढे कारखान्यांना आराखडे वाचणारे आणि काढणारे हात हवे होते. १८७० मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने दहा हजारांहून अधिक वस्तीच्या गावांना औद्योगिक रेखांकनाचे मोफत वर्ग चालवण्याचे बंधन घातले. त्या काळातील शिक्षणाचा मोठा भाग छापील नमुन्यांची नक्कल करण्यात जाई. रेषेच्या सरावाला रुक्ष घोकंपट्टी म्हणून जे नाव पडले, ते मुख्यतः या पद्धतीमुळे, असे माझे मत आहे; दोष रेषांचा नव्हता.

विसाव्या शतकात मोटारी आणि यंत्रे यांचे आराखडे कल्पनेतून काढणाऱ्या रचनाकारांना नमुन्याचा उपयोगच नव्हता, कारण वस्तू अजून अस्तित्वात आलेली नसे. चाकाच्या लंबवर्तुळाचा लघुअक्ष, म्हणजे त्याचा आखूड मध्यरेषेचा अक्ष, चाकाच्या आसाच्या दिशेनेच पडतो का, एवढे पाहिले की चाक नीट बसले की नाही ते कळते. आजच्या सरावातही ठोकळा काढून झाल्यावर त्याच्या कडा वेगळ्या रंगाने पुढे वाढवतात आणि त्या एकत्र येतात की फाकतात, हे शिकणारा स्वतःच तपासतो.