डॉक्टर होणाऱ्यांना क्वारंटाईनचा कसला त्रास?

कोल्हापुरात अजून लोक म्हणतात, मेडिकलच्या पोरांना कोरोनात काय झालं नाही, त्यांना सगळं माहिती असतंय, उलट लई सुट्टी मिळाली. हे साफ चुकीचं आहे.

माझी मामेबहीण तेव्हा सेकंड इयरला होती, राजारामपुरीतल्या घरी वरच्या खोलीत १४ दिवस एकटी, मामी ताट दाराबाहेर स्टुलावर ठेवून जिना उतरायची आणि मगच ही दार उघडायची. दिवसातून दहादा ऑक्सिमीटर लावायची, कारण ऑक्सिजनचा आकडा ९४ च्या खाली गेला तर काय होतं हे तिला पुस्तकातनं पाठ होतं. माहिती असली की भीती कमी होत नाही हो, कधी कधी वाढते.

आणि ही पोरं आधीच ताणाखाली असतात. कोरोनाच्या आधी, २०१६ ला, ४३ देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, त्यात मेडिकलच्या साधारण २७ टक्के विद्यार्थ्यांमध्ये डिप्रेशन किंवा त्याची लक्षणं दिसली. त्यात कोरोनात वॉर्ड बंद, पेशंट मोबाईलच्या स्क्रीनवर, परीक्षा कधी ते कुणालाच माहिती नाही, मग झोप उडणार नाहीतर काय?

अजून कुणाला असा ताण, भीती वाटत असेल तर १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाईनला, फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.