आहारविराम

आहारविराम (डाएट ब्रेक) : वजन कमी करण्यासाठी चालू असलेला कमी उष्मांकांचा आहार ठरवून आणि ठरावीक मुदतीसाठी थांबवणे, आणि त्या मुदतीत वजन आहे तिथेच टिकेल एवढे खाणे, या पद्धतीला आहारविराम म्हणतात. मुदत बहुधा एक ते दोन आठवड्यांची असते. सुरुवात आणि शेवट आधी ठरलेले असणे, आहार वजन टिकवण्याच्या पातळीवर (मेंटेनन्स) असणे, आणि विरामानंतर उष्मांकांची तूट (गरजेपेक्षा कमी खाणे) पुन्हा सुरू होणे, या तीन गोष्टी असतील तरच ही संज्ञा लागू होते. लग्नसराईत किंवा दिवाळीत पथ्य मोडले आणि नंतर त्यालाच ‘ब्रेक’ म्हटले, तर तो आहारविराम नव्हे.

जवळच्या संज्ञांशी याची गल्लत होते. ‘चीट मील’ म्हणजे एका जेवणापुरती मोकळीक; तिचे प्रमाण ठरलेले नसते. ‘रिफीड’ एक ते तीन दिवसांचा असतो आणि त्यात वाढवलेले उष्मांक मुख्यतः कर्बोदकांतून येतात. उपवासाचा दिवसही विराम ठरत नाही. ५० ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम दाण्याचे कूट आणि दोन चहाचे चमचे तूप घातलेली खिचडी सुमारे ४०० किलोकॅलरींची होते, म्हणजे नेहमीच्या जेवणाइतकी किंवा त्याहून थोडी जास्त, आणि प्रथिने मात्र त्यात बेताचीच.

उगम : या पद्धतीचे श्रेय नेमके कोणाला द्यावे, याबद्दल मतभेद आहेत. लोकप्रिय लेखनात ते बहुधा ऑस्ट्रेलियातील ‘मॅटाडोर’ या प्रयोगाला (२०१८) दिले जाते, पण कालक्रम पाहता ते टिकत नाही. त्याआधी, २००३ मध्ये, अमेरिकेतील रेना विंग आणि रॉबर्ट जेफ्री यांनी १४२ व्यक्तींवर केलेला १४ आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला होता. त्यात एका गटाला सलग सहा आठवड्यांची सुट्टी, दुसऱ्याला दोन-दोन आठवड्यांच्या तीन सुट्ट्या आणि तिसऱ्याला सुट्टीच नाही, अशी रचना होती. सुट्टीत वजन घटवण्याचे सर्व प्रयत्न थांबवायचे होते. संशोधकांचा हेतू पद्धत शोधण्याचा नव्हताच. पथ्य एकदा सुटले की माणसे परत का येत नाहीत, हे प्रयोगशिस्तीत पाहता यावे म्हणून त्यांनी मुद्दाम खंड पाडला होता. अपेक्षित घसरण मात्र झाली नाही. सुट्टी घेणारे पुन्हा रुळावर आले आणि गटांच्या एकूण वजनघटीत लक्षणीय फरक आढळला नाही. सांगून दिलेली सुट्टी आणि आपोआप सुटलेले पथ्य या मनासाठी दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा अर्थ त्यातून काढला जातो आणि तो पटण्याजोगा आहे. पुढे अमेरिकी लेखक लायल मॅकडॉनल्ड यांनी या निष्कर्षाच्या आधारे शरीरसौष्ठव क्षेत्रात विरामाचा पुरस्कार केला. व्यायामशाळांत ही प्रथा रुजली ती साधारण याच मार्गाने, असे मानावयास हरकत नाही.

आयुर्वेदातील संसर्जनक्रमात याचे मूळ शोधण्याचाही कल मराठी आरोग्यलेखनात दिसतो. शोधनकर्मानंतर (वमन, विरेचन अशा शरीरशुद्धीनंतर) पेया (पातळ पेज), विलेपी (घट्ट पेज), यूष (कढण), मांसरस अशा चढत्या क्रमाने नेहमीच्या आहारावर येणे, हा तो क्रम. त्याचा हेतू मंदावलेला अग्नी पूर्ववत करणे हा आहे. त्यात पुन्हा लंघनाकडे वळण्याची योजना नाही. टप्प्याटप्प्याने आहार वाढवण्यापुरतेच साम्य मानणे अधिक सावधपणाचे ठरेल.

चयापचयासंबंधीचा वाद : वजन घटले की शरीराचा ऊर्जाखर्च घटतो. लहान शरीराला कमी ऊर्जा लागते, हे त्याचे एक कारण. पण घट त्याहूनही थोडी जास्त असते. लायबेल, रोझेनबॉम आणि हर्श यांनी १९९५ मध्ये दाखवले, की वजन १० टक्के घटल्यावर दिवसाचा ऊर्जाखर्च शरीररचनेवरून अपेक्षित असलेल्या आकड्याच्या खाली जातो. या जास्तीच्या घटीला अनुकूली उष्मानिर्मिती म्हणतात. मेदपेशींतून स्रवणारे आणि भूक व ऊर्जाखर्च यांवर परिणाम करणारे लेप्टिन हे संप्रेरक १९९४ मध्ये ओळखले गेले. उष्मांकांची तूट सुरू झाल्यावर काही दिवसांतच, मेद फारसा घटलेला नसतानाही, त्याचे रक्तातील प्रमाण उतरते. पोटभर, विशेषतः कर्बोदकयुक्त खाल्ल्यावर ते चढते. यावरूनच ‘विराम घेतला की मंदावलेला चयापचय पुन्हा पेटतो’ ही कल्पना आली.

तिला सर्वांत मोठा आधार मिळाला तो नुआला बर्न आणि सहकाऱ्यांच्या मॅटाडोर प्रयोगाचा (मुद्रित प्रसिद्धी २०१८). त्यात ५१ स्थूल पुरुषांचे दोन गट होते. दोन्ही गटांना एकूण १६ आठवडे गरजेच्या ६७ टक्के ऊर्जा मिळाली. एका गटाला सलग, तर दुसऱ्याला दोन आठवडे तूट आणि दोन आठवडे समतोल अशा आलटून-पालटून, एकूण ३० आठवड्यांत. प्रयोग पूर्ण करणाऱ्या ३६ जणांत सलग गटाचे वजन सरासरी ९·१ किग्रॅ., तर विरामगटाचे १४·१ किग्रॅ. घटले. समतोलाच्या पंधरवड्यांत वजन जवळजवळ स्थिर राहिले. विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जाखर्चातील घट, शरीररचनेतील बदल हिशेबात घेतल्यावर, विरामगटात दिवसाला सुमारे ८६ किलोकॅलरी आणि सलग गटात सुमारे १७९ किलोकॅलरी भरली. तसा हिशेब न करता पाहिलेल्या मूळ आकड्यांत मात्र गटांमध्ये लक्षणीय फरक नव्हता, आणि ही बाब लोकप्रिय लेखनात सहसा गाळली जाते.

यावर साधी आकडेमोड करता येते. रोजचा फरक सुमारे ९३ किलोकॅलरी धरला, तर तुटीच्या ११२ दिवसांत तो १०,४०० किलोकॅलरींच्या आसपास जातो, म्हणजे, एक किलो मेदाला सुमारे ७,७०० किलोकॅलरी धरून, अंदाजे १·३५ किग्रॅ. मेद. सगळे २१० दिवस धरले तरी तो अडीच किलोच्या आसपासच राहतो. पाच किलोंचा फरक एवढ्याने उलगडत नाही. विरामगटाने तुटीच्या दिवसांत आहार अधिक काटेकोरपणे पाळला असावा, हे स्पष्टीकरण जास्त संभाव्य वाटते. शिवाय एका गटाला १६ आणि दुसऱ्याला ३० आठवडे लागले, हेही तुलना करताना विसरता येत नाही.

नंतरच्या प्रयोगांनी चयापचयाची बाजू आणखी दुबळी केली. ‘आइसकॅप’ (२०२१) या प्रयोगात वजनांचा व्यायाम करणाऱ्या ६१ स्त्री-पुरुषांपैकी एका गटाने सलग १२ आठवडे तूट ठेवली. दुसऱ्याने दर तीन आठवड्यांनी एक आठवडा विराम घेत तेवढीच तूट १५ आठवड्यांत पूर्ण केली. मेद आणि मेदविरहित वस्तुमान यांत फरक आढळला नाही. विरामगटात भूक आणि खाण्याची ओढ मात्र कमी होती. व्यायाम करणाऱ्या ३८ स्त्रियांवरील २०२३ च्या प्रयोगातही शरीररचना आणि विश्रांतीचा ऊर्जाखर्च दोन्ही गटांत सारखेच राहिले. विरामाने वाढलेले लेप्टिन तूट सुरू होताच पुन्हा उतरते, हे लक्षात घेता असा निष्कर्ष अनपेक्षित नाही. विरामाचा उपयोग पथ्य दीर्घकाळ निभावण्यासाठी आहे, चयापचय दुरुस्त करण्यासाठी नाही, हे मत आज अधिक ग्राह्य दिसते.

मेंटेनन्सची पातळी काढणे : वय, उंची आणि वजनावरून सूत्राने किंवा ॲपवर काढलेला आकडा यासाठी वापरू नये. खाल्लेल्या अन्नाची नोंद बहुतेकांकडून कमी होते. त्यामुळे सूत्राचा आकडा ‘पाळला’ तरी प्रत्यक्षात जास्त खाल्ले जाते. स्वतःच्या नोंदीवरून काढलेला आकडा अधिक भरवशाचा, कारण त्यात नोंदीतली चूक तुटीत आणि विरामात, दोन्हीकडे सारखीच राहते. मागच्या तीन-चार आठवड्यांची साप्ताहिक सरासरी वजने घ्यावीत. पथ्याचे पहिले दोन आठवडे धरू नयेत, कारण त्यांतली बरीच घट पाण्याची असते. उदा., ७२ किग्रॅ. वजनाची स्त्री १,५०० किलोकॅलरी नोंदवून आठवड्याला अर्धा किलो घटत असेल, तर ०·५ × ७,७०० ÷ ७ म्हणजे रोजची तूट ५५० आणि मेंटेनन्स सुमारे २,०५० किलोकॅलरी.

ही ५५० ची वाढ ताटात फार मोठी दिसत नाही : ५० ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी (सु. १७०), १५० ग्रॅम शिजलेला भात (सु. १९५), एक केळे (सु. १००) आणि फोडणीत दोन चहाचे चमचे जास्तीचे तेल (सु. ८५). ४० ग्रॅमचा एक बेसन लाडू सुमारे २०० किलोकॅलरींचा असतो. म्हणजे दिवाळीच्या आठवड्यात विराम ठेवला तर दोन लाडू आणि थोडा चिवडा एवढ्यातच रोजची वाढ संपते. प्रथिने आहेत तेवढीच ठेवावीत. वाढ प्रामुख्याने कर्बोदकांत करावी. जेवणाच्या वेळा, भाज्यांचे प्रमाण आणि वजनाची नोंद चालूच ठेवावी.

किती दिवसांनी विराम घ्यावा याचे प्रयोगसिद्ध प्रमाण नाही. प्रशिक्षकांत रूढ असलेला ठोकताळा असा, की मेद बराच असेल तर दहा-बारा आठवड्यांनी, आणि मुळात सडपातळ व्यक्तीने आणखी घटवायचे असेल तर चार ते सहा आठवड्यांनी.

वजनकाट्यावरील वाढ : विराम फसण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी काट्यावर दिसणारा एक-दीड किलो. कर्बोदके वाढली की यकृत आणि स्नायूंत ग्लायकोजेन (कर्बोदकांचा साठा) साठते आणि त्याच्या दर ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी राहते. ३०० ग्रॅम ग्लायकोजेन भरले की १·२ किग्रॅ. वाढ झाली. वाढलेले मीठ आणि आतड्यांतील अन्न यांचे वजन वेगळे. याउलट मेदाची वाढ हळू होते : अंदाज चुकून रोज २०० किलोकॅलरी जास्त गेल्या तरी १४ दिवसांत ती ३५०–४०० ग्रॅमच्या आत राहते. म्हणून पाचव्या दिवसानंतर वजन स्थिर राहते का ते पाहावे. तेव्हाही चढतच असेल तर १००–१५० किलोकॅलरी कमी कराव्यात. पाळीच्या आधी काही स्त्रियांना पाणी धरल्यामुळे वजन वाढलेले दिसते; त्यांनी तुलना मागच्या चक्रातील त्याच दिवसांशी करावी. घाबरून विराम मध्येच तोडणे आणि ‘वाढलेच आहे तर’ म्हणून सैल सोडणे, या दोन्ही चुका या एकाच गैरसमजातून होतात.

तूट परत सुरू करताना आहार टप्प्याटप्प्याने उतरवण्याची गरज नसते. ठरलेल्या दिवशी थेट सुरुवात करता येते. पहिल्या आठवड्यात उतरणारा किलोभर पाण्याचा असतो, तो मेदघट म्हणून मोजू नये.

व्यायामातील विराम : आहाराबरोबर व्यायामही पूर्ण बंद करणे सहसा अनावश्यक असते, आणि त्यामुळे मेंटेनन्सचा आकडाही खाली येतो. सांधे, स्नायुबंध आणि थकवा यांसाठी ‘डिलोड’ पुरतो : एक आठवडा सेट निम्मे करावेत, वजने मात्र जवळपास तीच ठेवावीत. तीन आठवडे पूर्ण सुट्टी झाली तरी ताकद बहुधा फारशी उतरत नाही. दम मात्र लवकर घटतो. रक्तद्रवाचे आकारमान कमी झाल्याने दोन-तीन आठवड्यांत प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता ५ ते १० टक्क्यांनी खाली येऊ शकते. रोजचे चालणे विरामात कमी करू नये. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी पूर्वीचे सगळे सेट केल्यास स्नायू तीव्रपणे दुखतात. निम्म्या सेटांनी सुरुवात करून दोन आठवड्यांत पूर्ववत यावे.

निषेध : इन्शुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील औषधे घेणाऱ्या मधुमेहींची मात्रा आहाराशी बांधलेली असते. विराम सुरू करताना साखर चढण्याचा आणि तूट परत सुरू करताना ती अतिखाली जाण्याचा धोका असल्याने दोन्ही वेळा डॉक्टरांना विचारूनच बदल करावा. दिवसाला ८०० किलोकॅलरींहून कमी आहारावर असलेल्यांनी एकदम मेंटेनन्सवर जाऊ नये. त्यांना वैद्यकीय देखरेखीखाली आहार टप्प्याटप्प्याने वाढवावा लागतो. खाण्यासंबंधीचा मानसिक विकार पूर्वी झालेला असेल, तर ‘चालू-बंद’ची ही रचनाच अपायकारक ठरू शकते, अशा व्यक्तींना विराम न सुचवता मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे. गरोदरपणात आणि स्तनपानाच्या सुरुवातीच्या काळात मुळात उष्मांकांची तूटच ठेवायची नसते.