भैरवीच्या आधी संपलेली फाइल

काही वर्षांपूर्वी एका घरगुती बैठकीचं ध्वनिमुद्रण माझ्याकडे होतं. रात्री नऊला रेकॉर्डचं बटण दाबलं आणि मध्यंतरातही थांबवलं नाही. पुन्हा सुरू करायचं राहून गेलं तर काय घ्या. दोनच्या सुमारास भैरवी झाली. घरी येऊन पाहतो तर फाइल चार तास आठ मिनिटांची, पुढे काहीच नाही. डिस्कवर तीनशे जीबी मोकळे होते. सॉफ्टवेअरने इशारा दिलाही असेल, पण गाणं चालू असताना स्क्रीनकडे बघत कोण बसतं!

चार तास आठ मिनिटं हा योगायोग नव्हता. मी 48 किलोहर्ट्‌झ, 24 बिट, स्टिरिओ घेत होतो. म्हणजे सेकंदाला 48,000 नमुने, प्रत्येकी 3 बाइट, दोन चॅनेल: एकूण 2,88,000 बाइट. माझी डिस्क विकत घेतली तेव्हाच फॅट32 या पद्धतीने फॉरमॅट केलेली होती आणि या पद्धतीत एका फाइलची लांबी लिहायला फक्त 32 बिटांचा रकाना असतो. त्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा 4,29,49,67,295. त्याला 2,88,000 ने भागा, 14,913 सेकंद येतात. माझी भैरवी त्या रकान्याच्या बाहेर राहिली.

फॅट32 ही एक फाइल सिस्टीम, आणि फाइल सिस्टीम म्हणजे डिस्कचं तलाठी दप्तर. जमीन तीच, पण कोणता गट कुणाच्या नावावर, किती क्षेत्र, हे दप्तर सांगणार. आवाज ज्या बाइट्समध्ये साठतो ते सगळ्या फाइल सिस्टीममध्ये अगदी तेच असतात. अमुक फॉरमॅटवर तंबोरा जास्त खुलतो असं सांगणारे भेटतात, त्यांना चहा पाजावा आणि विषय बदलावा.

मोठ्या फाइलींसाठी मायक्रोसॉफ्टने 2006 मध्ये एक्सफॅट ही फाइल सिस्टीम आणली. तिच्यात लांबीचा रकाना 64 बिटांचा आहे, त्यामुळे फाइलच्या आकाराची चिंता मिटली. पण थांबा, आवाज ज्या प्रकारच्या फाइलमध्ये साठवतात त्या वेव्ह फाइलच्या स्वतःच्या कपाळावरही लांबी लिहिलेली असते आणि 1991 सालच्या त्या रचनेत तिथेही 32 बिटच आहेत. डिस्क बदलूनही तुम्ही त्याच भिंतीवर आपटू शकता. आठ चॅनेल एकाच फाइलमध्ये घेतले तर ती भिंत बासष्ट मिनिटांतच येते. त्यावर युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने वेव्हचा आरएफ64 हा वाढीव प्रकार काढला. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये तो निवडता येतो का ते पाहावं. हातात धरायचे बरेच रेकॉर्डर यातलं काहीच न करता दोन किंवा चार जीबीला नवी फाइल सुरू करतात. ते तुकडे नंतर सलग जोडता येतात, तेव्हा घाबरायचं कारण नाही.

मला खरी भीती वाटते ती वीज जाण्याची. रेकॉर्डिंग चालू असताना बाइट्स डिस्कवर पडत असतात, पण दप्तरातली नोंद अधूनमधून होते. ती नोंद व्हायच्या आधीच वीज गेली तर जमीन नांगरलेली आणि सातबारा कोरा अशी गत. विंडोजची एनटीएफएस, मॅकची जर्नल ठेवणारी एचएफएस प्लस, लिनक्सची ईएक्सटी4 या सिस्टीम आधी फेरफाराच्या वहीत नोंद करतात आणि मग मुख्य दप्तरात. वीज परत आली की ती वही वाचून अर्धवट राहिलेला व्यवहार पूर्ण करायचा किंवा रद्द करायचा. यामुळे दप्तर शाबूत राहतं. शेवटच्या काही सेकंदांचा आवाज वाचेलच अशी हमी मात्र नाही. फॅट32 आणि एक्सफॅट यांच्याकडे अशी वहीच नाही. फॅट32 निदान आपल्या मुख्य तक्त्याच्या दोन प्रती ठेवते, एक्सफॅटमध्ये सहसा एकच. म्हणूनच एक्सफॅटची डिस्क इजेक्ट न करता उपटणाऱ्याकडे पाहून माझ्या पोटात गोळा येतो.

फिरत्या हार्ड डिस्कवर बत्तीस ट्रॅक वेगवेगळ्या फाइलींत घेत असाल तर आणखी एक हिशेब आहे. एकूण माल सेकंदाला जेमतेम साडेचार एमबी, डिस्कला तो किरकोळ. पण डिस्कवर लिहिणाऱ्या हेडला बत्तीस ठिकाणी धावावं लागतं. मिनिटाला 7,200 फेरे घेणाऱ्या डिस्कला एका उडीला ढोबळमानाने बारा-तेरा मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला ऐंशीच्या आसपास उड्या. फाइल सिस्टीम 32 केबीच्या तुकड्यांत जागा देत असेल आणि प्रत्येक तुकड्याला उडी पडली तर 140 उड्या हव्यात. 128 केबीच्या तुकड्यांत पस्तीस पुरतात. प्रत्यक्षात सॉफ्टवेअर मेमरीत साठवून मोठे घास भरवतं, म्हणून एरवी निभावतं. तरीही मोजक्या, लांबलचक फाइलींच्या डिस्कवर फॉरमॅट करताना तुकडा मोठा ठेवणं शहाणपणाचं. एसएसडीला, म्हणजे फिरता भाग नसलेल्या चिपच्या डिस्कला, हेडच नसल्यामुळे ही धावपळ उरत नाही.

माझं मत विचाराल तर ज्या संगणकावर रेकॉर्ड करता त्याच्या घरची फाइल सिस्टीम वापरा. विंडोजवर एनटीएफएस. मॅकवर एसएसडी असेल तर एपीएफएस, पण फिरती डिस्क असेल तर जुनी एचएफएस प्लसच बरी; 2017 मध्ये मॅकवर आलेली एपीएफएस एसएसडी डोळ्यांसमोर ठेवून घडवलेली आहे आणि फिरत्या डिस्कवर तिच्या नोंदी विखुरतात. मॅक एनटीएफएस वाचतो, पण मुळात तिच्यावर लिहीत नाही, आणि विंडोजला मॅकची दोन्ही दप्तरं वाचता येत नाहीत. त्यामुळे मिक्सिंग करणाऱ्याकडे माल पोचवायला एक्सफॅटची वेगळी डिस्क ठेवा. रेकॉर्डरचं कार्ड मात्र त्या रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट करायचं, संगणकावर नाही.

आता मी बैठकीच्या आदल्या रात्री माइक न लावताच रेकॉर्डिंग सुरू करून झोपतो. सकाळी फाइल सात-आठ तासांची झालेली दिसली आणि ती शेवटपर्यंत उघडली, तरच ती डिस्क पिशवीत जाते.