डीटी नाजूक, डब्ल्यूएफ धसमुसळी: हे कुणी सांगितलं?

एप्रिल लागला की हिमाचलातल्या तीर्थन नदीवर नकली माशी टाकून ट्राउट मासा धरायला, म्हणजे फ्लाय फिशिंगला, निघालेल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. रॉड घेऊन झालेला असतो, साडेसात-आठ फुटी, चार नंबरचा. गुशैनीच्या आसपास मुक्काम ठरलेला असतो. परवाना काढावा लागतो, मासा परत सोडायचा असतो, हे सगळं पाठ असतं. घोडं अडतं ते लाइनपाशी, म्हणजे रिळावरच्या जाड दोरीपाशी. तिचे दोन प्रकार, डीटी आणि डब्ल्यूएफ. "डीटीच घेतो. डब्ल्यूएफ पाण्यावर धपकन पडते, ट्राउट बिथरतो. डीटी नाजूक असते ना?"

असेलही, नसेलही. त्या दोन अक्षरांवरून ते कळत नाही, एवढं सांगून सांगून माझा घसा बसला.

तुमच्याकडे आत्ता जी लाइन आहे ती बहुधा डब्ल्यूएफ, म्हणजे वेट फॉरवर्डच असणार, कारण रॉडच्या किटमध्ये तीच येते. पुढे साधारण ३५ ते ४५ फुटांचं जाड अंग, त्याला हेड म्हणायचं. मागे रिळापर्यंत बारीक रनिंग लाइन. जड भाग उडतो, बारीक भाग त्याच्यामागून ओढला जातो. हे तुम्हाला माहीत आहे, पुढे जाऊ.

डीटी म्हणजे डबल टेपर. टेपर म्हणजे टोकाकडे निमुळता होत जाणारा भाग. गोंधळाचं मूळ या 'डबल'मध्ये आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, दुप्पट निमुळती, म्हणजे दुप्पट हळुवार. पण दुसरं टेपर असतं ते दुसऱ्या टोकाला, रिळाच्या पोटात. मधलं सगळं अंग एकसारखं जाड. ते मागचं टेपर माशाला कधी दिसतही नाही, मग त्याने माशी अलगद कशी उतरणार?

आता नंबराकडे या. लाइनवरचा ४ हा आकडा तिच्या पहिल्या ३० फुटांचं वजन सांगतो. अमेरिकेतल्या टॅकल उत्पादकांच्या संघटनेने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत आणली; त्याआधी लाइनवर अक्षरं असत आणि ती जाडी सांगत. तीन नंबर म्हणजे १०० ग्रेन, चार म्हणजे १२०, पाच म्हणजे १४०. ग्रेन परका वाटत असेल तर सराफाच्या जुन्या मापात बघा. १८० ग्रेनचा एक तोळा, १२ माशांचा एक तोळा. म्हणजे चार नंबरची लाइन बरोबर आठ मासे भरते. (दिवसभरात हातात तेवढे लागले तर दिवाळीच.) मुद्दा असा की डीटी असो की डब्ल्यूएफ, पहिल्या ३० फुटांत हे आठ मासे सारखेच. त्यात एक जड आणि एक हलकी असा प्रकारच नाही.

मग धपकन पडणं, अलगद पडणं ठरतं कशावर? पुढच्या टेपरवर. पोतराजाचा आसूड आठवा. मुठीकडे जाड, शेंड्याकडे निमुळता होत गेलेला. हाताने दिलेला जोर बारीक होत जाणाऱ्या अंगातून शेवटच्या वादीपर्यंत पोचतो. फ्लाय लाइन अशीच चालते, फक्त आपल्याला फटका नको असतो. टेपर लांब असेल तर टोकाकडे वजन कमी कमी होत जातं, जोर वाटेत विरतो आणि लीडर, म्हणजे लाइन आणि माशी यांच्यामधला बारीक दोरा, हलकेच उलगडतो. टेपर आखूड असेल तर जाड अंग लीडरच्या अगदी जवळ येतं, वाऱ्यात बरं पडतं, जड माशीलाही उलटवतं, पण पाण्यावर आवाज करतं. लांब टेपरची डब्ल्यूएफ मिळते आणि आखूड टेपरची डीटीही मिळते. खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात लाइनची आकृती असते, फुटांच्या आकड्यांसकट. ती बघा. अक्षरं नंतर.

तीर्थनवर तर हिशेब आणखी सोपा होतो. तिथे खडकाआड उभा असलेला ट्राउट बहुतेक वेळा तुमच्यापासून ३०-३५ फुटांवर असतो. त्यातून नऊ फुटी लीडर वजा करा, रॉडची लांबी वजा करा. रॉडच्या टोकाबाहेर लाइन उरली जेमतेम १३ ते १८ फूट. या अंतरात डब्ल्यूएफची रनिंग लाइन रिळावरून उठलेलीसुद्धा नसते. दोन्ही लाइनी इथे एकच आहेत.

पटलं नाही तर करून बघा. मी एका मित्राला सकाळी शाळेच्या मैदानावर नेलं होतं. सारख्याच टेपरच्या दोन लाइनी, दोन रिळं, रिळांवर कागद चिकटवलेला. २५ फुटांवर ठेवलेल्या ताटलीवर त्याने दोन्हींनी वीस-वीस फेकी टाकल्या आणि छातीठोकपणे डब्ल्यूएफला डीटी म्हणाला. मग ताटली ५० फुटांवर नेली. तिथे त्याला पहिल्या चार फेकींत कळलं.

कारण खरा फरक हेड संपल्यावर सुरू होतो. मोठ्या डोहावर लांब फेक टाकली आणि प्रवाह लाइनला पोटातून ओढायला लागला की आपण ती उचलून वरच्या अंगाला वळवतो, म्हणजे मेंड करतो. डीटीचं अंग जाड ते जाड असल्याने हाताचा झटका पार पुढे जातो. डब्ल्यूएफचं हेड बाहेर पडलेलं असेल तर रॉडच्या टोकाशी बारीक रनिंग लाइन येते, आणि सुतळीने सोल हलवता येत नाही. मागे झाडी असताना पाण्यावरूनच टाकायची रोल फेकही याच जागी फसते. उलट लाइन लांब शूट करायची, म्हणजे हेडच्या ओढीने मागची लाइन सोडत न्यायची असेल तर बारीक रनिंग लाइन रॉडच्या कड्यांतून सुळकन निघते, तिथे डीटी मागे पडते. पण चार नंबरच्या रॉडने ६० फूट फेकायची हौस कशाला, हे मला कळलेलं नाही.

डीटीला हे नाजूकपणाचं बिरुद चिकटलं कुठून? माझा तर्क रेशमाकडे जातो. १९०९ च्या सुमारास कुलूच्या खोऱ्यात ब्राउन ट्राउट आणून सोडला गेला, तेव्हा लाइनी रेशमी असत, चरबी चोळून तरंगवलेल्या. रेशीम आजच्या प्लास्टिकच्या थरापेक्षा घन, म्हणून त्याच वजनाला बारीक. ती अलगद पडायची यात नवल नाही. दुपारपर्यंत ती पाणी पिऊन बुडू लागली की उलटी करून कोरडं टोक पुढे घ्यायचं. त्यासाठी डबल टेपर. नाजूकपणा रेशमाचा होता, नाव डीटीचं झालं.

ज्याने खरोखर फरक पडतो ते कुणीच विचारत नाही: चारची लाइन चारच आहे का? हल्ली रॉड ताठ झालेत, म्हणून लाइनीही अर्ध्या नंबराने, कधी पुऱ्या नंबराने जड करतात आणि खोक्यावर आकडा चारच छापतात. माझ्या एका लाइनीचे ३० फूट मी खिशातल्या डिजिटल काट्यावर गुंडाळून ठेवले. ७.८ ग्रॅमच्या जागी ८.६ भरले, म्हणजे साधारण १३३ ग्रेन. जवळच्या फेकीत अशी जड लाइन रॉडला वाकवायला मदतही करते, नाही असं नाही. पण जड अंग आणि आखूड टेपर एकत्र आले की ती धपकन पडणारच, आणि खापर फुटणार डब्ल्यूएफवर. दुकानदाराला ग्रेन विचारले तर त्याने मला रंग दाखवले होते. रंग कुठलाही घ्या. तरंगणारी, म्हणजे शेवटी एफ, एवढं बघा. डास पळवणारं मलम लावलेल्या हाताने तिला शिवू नका, त्यातल्या डीट (DEET) नावाच्या रसायनाने लाइनचं प्लास्टिक विरघळतं.

इतकं बोलून मी स्वतः मात्र डीटी वापरतो, ते निव्वळ चिक्कूपणापायी. कस्टम भरून बाहेरून मागवलेली लाइन. झिजतं ते पुढचं टोक, भेगाही तिथेच पडतात. डीटी उलटी केली की कोरी. डब्ल्यूएफच्या दुसऱ्या टोकाला नुसती सुतळी. डीटी जाड म्हणून छोट्या रिळात बॅकिंगला, म्हणजे लाइनच्या मागे जोडलेल्या राखीव दोऱ्याला, जागा कमी उरते ही तक्रार खरी, पण तीर्थनच्या दहा-बारा इंची ट्राउटने माझं बॅकिंग कधी उघड्यावर आणलेलं नाही.

गेल्या वर्षी तर ९० फुटी डीटी मधोमध कापली. ४५ फूट माझ्या रिळावर, ४५ भाच्याच्या. दोघांच्याही लाइनीचा शेवट अजून रिळातच आहे.