टाइप २ मधुमेहातील बिंज ईटिंग आणि गटोपचार

टाइप २ मधुमेह असलेल्या ज्या प्रौढांचा खाण्यावरचा ताबा वारंवार सुटतो, त्यांना एकत्र बसवून केला जाणारा मानसोपचार. थोड्या वेळात खूपच जास्त खाल्ले जाणे आणि थांबू म्हटले तरी न थांबता येणे, हे आठवड्यातून किमान एकदा, तीन महिने घडत राहिले आणि त्याचा मनाला जाच होत असेल, तर त्याला बिंज ईटिंग डिसऑर्डर म्हणतात. बुलिमिया या खाण्याच्या दुसऱ्या विकारातल्यासारख्या मुद्दाम काढलेल्या उलट्या यात नसतात. मनोविकारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ मध्ये अशा खाण्याचे वर्णन केले. डीएसएममध्ये, म्हणजे मनोविकारांच्या निदानासाठीच्या अमेरिकी नियमावलीत, स्वतंत्र विकाराचे स्थान मिळायला २०१३ साल उजाडले.

मधुमेहात याला पथ्याची जोड मिळते. दिवसभर पोट मारायचे, रात्री खाखा सुटायची, सकाळी वाढलेली साखर पाहून स्वतःला बोल लावायचा आणि पथ्य आणखी आवळायचे. डॉक्टरांपुढे लाजेने हे सांगितले जात नाही. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी चाचणी, वाढलेली दिसते, गोळ्या वाढतात. याला हावरटपणा म्हणणे चूक तर आहेच, शिवाय त्याने लाज वाढून दुखणे आणखी लपते.

गटात सहसा सहा ते दहा जण असतात. आठवड्याला दीडेक तासाची बैठक, काही महिने. प्रत्येकाने लिहिलेली वही हे मुख्य साधन. ‘रात्री साडेअकरा, ओट्यापाशी उभ्यानेच, दिवा न लावता, दुपारी जेवलो नव्हतो’ अशी नोंद कुणी वाचून दाखवतो, आणि समोरचा म्हणतो, ‘माझंही असंच होतं.’ वर्षानुवर्षे लपवलेली गोष्ट तिथे पहिल्यांदा बोलली जाते. एकट्याच्या उपचारात हे इतक्या सहज साधत नाही. मग दोन खाण्यांत तीन-चार तासांहून जास्त अंतर पडू न देणे, कोणताही पदार्थ कायमचा वर्ज्य न ठरवणे, ऊर्मी आली की ती ओसरेपर्यंत थांबणे, याचा सराव होतो. विचार आणि सवयी बदलण्याच्या या बोधात्मक वर्तनोपचाराखेरीज नातेसंबंधांवर भर देणारी आंतरव्यक्ती पद्धतही वापरतात.

अनावर खाण्याचे झटके कमी होतात. वजन मात्र फारसे उतरतेच असे नाही, हे पहिल्याच बैठकीत सांगावे.

इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया (साखर उतरवणाऱ्या गोळ्यांचा एक प्रकार) घेणाऱ्यांच्या बाबतीत एक भेद कळीचा आहे. घाम, थरथर आणि अनावर भूक ही साखर उतरल्याचीही खूण असते. रक्तातली साखर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल, तर ऊर्मी ओसरण्याची वाट न पाहता लगेच १५ ग्रॅम साखर घ्यायची. जेवणाच्या वेळा बदलल्या की औषधाचा डोसही डॉक्टरांकडून बदलून घ्यावा लागतो.