फोल्डर दिसतो, पण उघडत नाही: विंडोज, मॅक आणि लिनक्स एकत्र वापरणाऱ्या ग्राहकांसाठी

दोन-चार विंडोजचे संगणक, एखादा मॅक आणि फाइली ठेवायला लिनक्सवर चालणारा सर्व्हर, अशी मांडणी आमच्या बऱ्याच ग्राहकांकडे आहे. आम्हाला सर्वांत जास्त फोन येतात तेही अशाच ठिकाणांहून. "शेअर केलेला फोल्डर दिसतो, पण आत जाता येत नाही", नाहीतर "फाइल उघडते, पण सेव्ह होत नाही". हे पत्रक त्यासाठी आहे. ते हाताशी असले तर आमची वाट बघत काम अडणार नाही. शिवाय वैतागून सगळे फोल्डर सगळ्यांना खुले करून टाकायची वेळही येणार नाही. आम्हाला जास्त काळजी याच दुसऱ्या गोष्टीची वाटते.

पहिल्यांदा पडद्यावरचा संदेश शांतपणे वाचा. "नेटवर्क पाथ सापडला नाही" असे आले, तर दोन संगणकांचा संपर्कच झालेला नाही. मग वाय-फाय, केबल, फायरवॉल तपासा. फाइल-शेअरिंग ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून (जोडणीच्या दारातून) चालते, ते फायरवॉलने अडवलेले नाही ना पाहा. विंडोजने तुमच्या नेटवर्कला ‘पब्लिक’ ठरवले असेल, तर ते ‘प्रायव्हेट’ करून घ्या. पण संदेश "अ‍ॅक्सेस डिनाइड" असा असेल, तर राउटर बंद-चालू करण्यात वेळ घालवू नका. पलीकडच्या संगणकापर्यंत तुम्ही पोहोचला आहात, फक्त त्याने नाही म्हटले आहे.

नाही का म्हटले, हे शोधताना आम्ही सगळ्यात आधी एकच गोष्ट बघतो: तो सर्व्हर तुम्हाला कोण समजतो आहे?

तुमच्या संगणकावर तुम्ही ज्या नावाने लॉगिन करता, ते नाव सर्व्हरला माहीत असेलच असे नाही. शेअर उघडताना विंडोज आधी तुमचे चालू लॉगिनच परस्पर पुढे करते आणि ते चालले नाही तरच नाव-पासवर्ड विचारते. तिथे चार आकडी पिन चालत नाही, कारण पिन फक्त त्याच संगणकापुरता असतो. नेटवर्कवर खात्याचा खरा पासवर्डच लागतो. लिनक्सवर शेअरिंगचे काम ‘सांबा’ नावाची प्रणाली करते आणि तिची पासवर्डची यादी स्वतंत्र असते. सर्व्हरवर खाते उघडले म्हणजे झाले, असे अनेकांना वाटते. पण तेच नाव सांबाच्या यादीत वेगळे घालावे लागते. मॅकवरचा फोल्डर विंडोजला द्यायचा असेल, तर फाइल शेअरिंगच्या पर्यायांमध्ये ‘विंडोज फाइल शेअरिंग’खाली त्या खात्यासमोर खूण करावी लागते. ही खूण राहून जाते, आणि पासवर्ड बरोबर असूनही तो चुकीचा असल्याचे उत्तर येत राहते.

कधीकधी नकार येतच नाही, हे जास्त फसवे. अनोळखी नाव आले तर त्याला पाहुणा म्हणून आत घ्यायचे, अशी सोय सांबात असते. नाव टाइप करताना एक अक्षर चुकले तरी फोल्डर उघडतो, फाइली दिसतात, फक्त सेव्ह होत नाही. माणूस परवानग्या तपासत बसतो आणि सर्व्हरच्या लेखी तो तिथे नसतोच.

विंडोजची आणखी एक सवय लक्षात ठेवा. एका सर्व्हरशी ते एका वेळी एकाच नावाने बोलते. दुसरे नाव दिले की १२१९ क्रमांकाची त्रुटी येते. अशा वेळी जुनी जोडणी तोडा, क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये साठवलेला जुना पासवर्ड काढा, साइन आउट करून परत या आणि मग नव्या नावाने प्रयत्न करा.

ओळख पटल्यावर परवानगीचा प्रश्न येतो. विंडोजवर एकामागे एक अशी दोन दारे आहेत. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘शेअरिंग’ हे एक आणि ‘सिक्युरिटी’ हे दुसरे. दोन्हींपैकी जिथे कमी परवानगी असेल, तीच लागू होते. सिक्युरिटीत पूर्ण अधिकार दिले, पण शेअरिंगमध्ये फक्त ‘रीड’ असेल, तर फाइल वाचता येईल, बदलता येणार नाही. सिक्युरिटीच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ खिडकीत ‘इफेक्टिव्ह अ‍ॅक्सेस’ आहे. तिथे नाव टाकले की त्या व्यक्तीला सिक्युरिटीनुसार खरोखर काय करता येते ते दिसते. अंदाज बांधत बसण्यापेक्षा ते बघा.

एका कार्यालयात शेअर केलेल्या फोल्डरमधल्या सगळ्या फाइली मॅकवरून उघडत होत्या, फक्त अंदाजपत्रकाची एक उघडत नव्हती. त्यांनी तीनदा पासवर्ड बदलून पाहिला होता. आम्ही त्या फाइलची सिक्युरिटी उघडली, तर तिथे फक्त मूळ मालकिणीचे नाव होते. त्यांनी ती फाइल डेस्कटॉपवरून ओढून शेअरमध्ये टाकली होती. एकाच ड्राइव्हवर फाइल हलवली की ती आपल्या जुन्या परवानग्या सोबत घेऊन येते. कॉपी केली असती, तर नव्या फोल्डरच्या परवानग्या तिला मिळाल्या असत्या. म्हणून शेअरमध्ये फाइल टाकताना कॉपी करा आणि मग जुनी पुसा.

लिनक्सच्या बाजूला अडचण बहुधा वरच्या फोल्डरमध्ये दडलेली असते. तुमच्या फोल्डरला परवानगी आहे, पण तिथवर जाणाऱ्या वाटेतल्या एखाद्या फोल्डरला ‘एक्झिक्यूट’ची, म्हणजे आत शिरण्याची परवानगी नसेल, तर पुढे जाता येत नाही. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात २१.०४ आवृत्तीपासून नवे होम फोल्डर (प्रत्येक खात्याचे खासगी फोल्डर) इतरांना बंद असतात. त्यामुळे शेअरसाठीचा फोल्डर कुणाच्या होममध्ये ठेवू नये, असे आम्ही सांगतो. फेडोरासारख्या लिनक्सवर एसईलिनक्स या सुरक्षाव्यवस्थेचा वेगळा पहारा असतो, तिथे फोल्डरला सांबासाठीचे लेबल लावावे लागते.

एकाने बनवलेली फाइल दुसऱ्याला बदलता येत नाही, ही तक्रारही इथलीच. लिनक्सवर परवानग्या आकड्यांत लिहितात; सांबा नव्या फाइलला मुळात ०७४४ पर्यंतच परवानगी देते, म्हणजे गटातल्या इतरांना फक्त वाचायचा अधिकार. गंमत नाही, धोका आहे: फोल्डरवर लिहायची परवानगी असेल, तर तोच सहकारी ती फाइल पुसू मात्र शकतो, कारण लिनक्सवर पुसण्याचा अधिकार फोल्डरवरून ठरतो. सगळ्यांचा एक गट करा, फोल्डरला २७७५ द्या (गटाला लिहिता येते आणि नव्या फाइली त्याच गटाच्या होतात), सांबात फाइलींसाठी ०६६४ ठरवा (गटालाही बदलता येते).

इंटरनेटवर यावर झटपट तोडगा मिळतो: ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळे खुले. तो करू नका. त्याने काम चालू होते हे खरे, पण मग सर्व्हरवरच्या कुठल्याही खात्याला, कुठल्याही प्रोग्रामला तुमच्या फाइली बदलता येतात. मूळ चूक तशीच राहते.

जुन्या उपकरणांबद्दल थोडेसे. फाइल-शेअरिंग ज्या ‘एसएमबी’ पद्धतीने चालते, तिची जुनी उपकरणे वापरतात ती पहिली आवृत्ती विंडोज १० मध्ये २०१७ च्या १७०९ आवृत्तीपासून मुळात बसवलेली नसते. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस तिच्यातल्याच उणिवेतून जगभर पसरला होता. विंडोज ११ प्रोमध्ये २४एच२ आवृत्तीपासून पाहुण्याचे बिनपासवर्ड लॉगिनही बंद असते. काल चालणारा शेअर अपडेटनंतर बंद पडला, तर आधी हे आठवा. जुना दरवाजा पुन्हा उघडण्यापेक्षा उपकरण अद्ययावत करा आणि प्रत्येकाला स्वतःचे नाव-पासवर्ड द्या.

एवढे करूनही अडले, तर आम्हाला फोन करताना संदेशाचे नेमके शब्द, त्रुटीचा क्रमांक, कोणत्या संगणकावरून, कोणत्या नावाने आणि कोणत्या फोल्डरसाठी प्रयत्न केला, ते लिहून ठेवा. पासवर्ड मात्र आम्हालाही सांगू नका. तो तुम्ही स्वतः टाइप करायचा.