तेलताडात तेल वाढले कसे: कवचापासून उंचीपर्यंत

तेलताड मूळचा पश्चिम आफ्रिकेचा. १८४८ मध्ये त्याची चार रोपे जावा बेटावरच्या बोगोरच्या वनस्पती उद्यानात लावली गेली. त्यांची संतती सुमात्रातल्या डेली भागात पोचली. आधी ती शोभेची झाडे होती. व्यापारी लागवड १९११ पासून सुरू झाली. या डेली झाडांचे घड मोठे आणि एकसारखे असत, पण फळात बीभोवतीचे कवच जाड. या प्रकाराला ड्युरा म्हणतात. पुढे अनेक दशके तिथली निवड याच मोजक्या झाडांच्या वंशात, मुख्यतः घडाच्या वजनावर होत राहिली.

पाम तेल मिळते ते फळाच्या गरातून. त्यामुळे कवच जितके जाड, तितका गर कमी. पातळ कवचाची टेनेरा झाडे आफ्रिकेत माहीत होती, पण त्यांचे बी लावले की संततीत जाड कवचाची, पातळ कवचाची आणि बिनकवचाची अशी तिन्ही झाडे निघत. बिनकवचाच्या पिसिफेराची मादी फुले बहुधा वांझ, म्हणजे तेवढी जागा वायाच. हा घोळ बेल्जियन काँगोत सुटला. बेर्नार्ट आणि वांडरवेयेन या संशोधकांनी १९४१ मध्ये दाखवून दिले की कवचाची जाडी एकाच जनुकावर ठरते आणि टेनेरा हा ड्युरा व पिसिफेरा यांचा संकर आहे. मग टेनेराचे बी धरण्याचे कारणच उरले नाही. ड्युरा मादी आणि पिसिफेराचे परागकण घेतले की संतती सगळी टेनेरा. ड्युराच्या फळात गर साधारण ३५ ते ५५ टक्के भरतो, टेनेरात ६० टक्क्यांच्या पुढे. तेवढ्याच वजनाच्या घडातून तेल सुमारे ३० टक्के जास्त येते. तेलताडाच्या पैदाशीत याच्या तोडीचे दुसरे पाऊल मला दिसत नाही.

टेनेराचे फळ आडवे कापले की पातळ कवचाभोवती काळसर तंतूंचे कडे दिसते. ड्युरात ते नसते. पण फळ लागेपर्यंत काही वर्षे थांबावे लागे. २०१३ मध्ये मलेशियातील संशोधकांच्या पुढाकाराने हे जनुक नेमके सापडले आणि रोपवाटिकेतल्या पानावरूनच प्रकार ओळखणे शक्य झाले.

नर पालक निवडणे मात्र अवघडच राहिले. पिसिफेरा स्वतः घड देत नाही, मग त्याची गुणवत्ता मोजायची कशी? त्याच्या मुलांवरून. अनेक ड्युरांशी संकर करून संततीच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवाव्या लागतात. एक पिढी पारखण्यात दशक सहज जाते.

कवचाचा प्रश्न एका जनुकाचा होता. घडांचे तसे नाही. संख्येवर निवड केली की वजन घटते, वजनावर केली की संख्या. त्यात झाडावर नर आणि मादी फुलोरे आळीपाळीने येतात. फुलोरा नर होणार की मादी, हे तो उमलण्याच्या सुमारे दोन वर्षे आधीच ठरू लागते, आणि पाण्याचा ताण पडला की नर वाढतात. म्हणून एखाद्या हंगामाच्या नोंदीवर झाड चांगले ठरवणे धोक्याचे. शिवाय घडात किती फळे धरली, फळात किती गर आणि गरात किती तेल, हे तिन्ही वेगवेगळे मोजावे लागते. यातली फळधारणा तर परागीकरणावरही अवलंबून असते. १९८१ मध्ये कॅमेरूनहून आणलेले परागवाहक भुंगे मलेशियात सोडले, तेव्हा हाताने परागण करण्याची गरज संपली आणि फळधारणा सुधारली.

उंचीचा तेलाशी थेट संबंध नाही, तरी पैदासकार तिला सोडत नाहीत. झाड दरवर्षी साधारण अर्धा मीटर वाढते आणि पंचविशीच्या आसपास घड तोडणे परवडेनासे होते. झाड अजून फळत असले तरी बाग काढावी लागते. म्हणूनच मध्य व दक्षिण अमेरिकेतल्या बुटक्या भावंड-जातीशी, एलिइस ओलिफेराशी, संकर केले गेले. संकर सावकाश वाढतात आणि त्यांच्या तेलात असंतृप्त घटक जास्त असतात, पण परागकण कमजोर निघतात आणि बऱ्याच ठिकाणी पुन्हा माणसालाच परागण करावे लागते.